वेगळं पाणी

कोळंबी उताणी पडली होती आणि तिचे पाय अजून हलत होते. काचेला चिकटून असायच्या त्या गोगलगायी एकेक करून सुटून वाळूवर पडल्या होत्या. टाकीच्या मधोमध, दगडाला टेकून, तांब्याची लहान कळशी उभी होती. आदल्या संध्याकाळी मीच ठेवलेली. बिमलांच्या आंबट फोडींनी घासून लखलखीत केलेली कळशी आता काळपट दिसत होती. नारिंगी जोडीतले दोघेही मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून घाईघाईनं श्वास घेत होते. निळा मासा कळशीच्या आडोशाला स्थिर उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. मासे बघतात. कोणी काहीही म्हणो.

माझी सून रेशमा पेडण्याला कचेरीत जायला निघाली होती. हेल्मेट हातात घेऊन ती दारात थांबली.

"आई, कळशी कशाला घातलीत हो आत?"

"महेशनं सांगितलं. तांबं घाल म्हणाला."

तिनं हेल्मेट खाली ठेवलं आणि माझ्या हातातला फोन घेतला. महेश माझा मुलगा. तो बोटीवर असतो, वर्षातले आठ-नऊ महिने. त्याचे आवाजातले दोन निरोप आले होते. पहिला मी संध्याकाळीच ऐकला होता. दुसरा पावसामुळे फोनवर नुसता गोल गोल फिरत राहिला होता आणि मी त्याची वाट बघितली नव्हती. रेशमानं तो आता लावला. महेशचा आवाज खोलीत आला, मागे बोटीच्या इंजिनाची घरघर. "आई, व्हडल्या टाकीत नाका हां. कपाटाच्या सकयल्या खणात बाटली आसा, निळ्या झाकणाची. धाकट्या टाकीत, थेंब मेजून. व्हडलेंत घातलें जाल्यार सुंगट मरतलें, गोगलगायी मरतल्यो."

म्हणजे मोठ्या टाकीत घालायचंच नव्हतं, त्यानं कोळंबी आणि गोगलगायी मरतात. कपाटातल्या बाटलीतलं तांब्याचं औषध लहान टाकीत थेंब मोजून घालायचं होतं. आणि मी देवघरातली कळशी उचलून आणली.

या गोष्टीला काही वर्षं झाली. दर वर्षी श्रावण लागला की ती मला पुन्हा भेटते. मांद्रेचा समुद्र गढूळ होतो, होड्या माडांखाली ओढून झाकलेल्या असतात, घराच्या मागच्या चार खोल्या, ज्या आम्ही हिवाळ्यात पाहुण्यांना देतो, बंद असतात. गाद्यांना कुबट वास येतो. मीठ बरणीत पाणी धरतं. सकाळी पेजेवर मीठ घालायला चिमूट उघडते तर दाणे बोटांना चिकटून राहतात, आणि मी ते झटकते. त्या पांढऱ्या दाण्यांकडे मी बघत नाही. रेशमाच्या हे लक्षात आलं आहे. ती आता पेजेत मीठ आधीच घालून आणते आणि काही विचारत नाही.

टाकी महेशची. लग्नाआधीपासूनची. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून, चार फुटी, खाऱ्या पाण्याची. गोड्या पाण्यातले मासे कोणीही पाळतो, खाऱ्यातले पाळायला अक्कल लागते, असं तो म्हणायचा. वैशाखात समुद्र निवळ असताना तो कॅन भरभरून पाणी आणून ठेवायचा, कारण पावसात नदीचं पाणी येऊन मिळालं की समुद्र पातळ होतो, मासे ते सोसत नाहीत. टाकीत ती नारिंगी जोडी होती, पांढऱ्या पट्ट्यांची. मादी मोठी, नर लहान. नर सारखा तिच्या मागे. नऊ वर्षं ती दोघं एका दगडाखाली राहत होती. आणखी तीन बारकी माशुकली होती, आणि ती तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी. मासे तिच्यासमोर तोंड उघडून थांबायचे आणि ती त्यांच्या गालफडात पाय घालून साफ करायची. मी तिला न्हावी म्हणायचे.

बोटीवर जाताना महेश पाया पडायचा आणि एकच गोष्ट सांगायचा. "आई, जोडी सांभाळ." बायकोला सांभाळ म्हणाला नाही कधी. रेशमा यावरून त्याला टोमणे मारायची. "मी काय, मी बाहेरची. मला कोण विचारतंय?" ती मूळची बेळगावकडची. वडील डिचोलीच्या कारखान्यात कामाला आले आणि तिथलेच झाले.

त्या श्रावणात म्हापशाच्या दुकानातून फोन आला. महेशनं कधीपासून सांगून ठेवलेला निळा मासा आला आहे, घेऊन जा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. रेशमा स्कूटरवर गेली आणि पिशवीत पाणी, पाण्यात मासा, असा तो घेऊन आली. चपटा, बशीसारखा, शेपटी पिवळी.

शेजारची सुमनवयनी कुंपणावर हात ठेवून उभीच होती. "वयनी, श्रावण पाळतां मगे तुमी? आनी ही सून पिशवी भरून नुस्तें हाडटा?"

"हें खावपाचें न्हय."

"खावपाचें न्हय जाल्यार कित्याक हाडलें?"

हा खायचा मासा नाही, पाळायचा, हे हिला काय सांगणार. मी आत गेले.

कपाटाच्या दाराला आतून महेशनं एक कागद चिकटवला होता. माझ्यासाठीच लिहिलेला, मोठ्या अक्षरात, कारण मी चौथीपर्यंत शिकलेली. त्यात पहिलीच ओळ होती: नवा मासा महिनाभर वेगळ्या पाण्यात. खाली दोन रेघा मारलेल्या. मी ती वाचली. वाचता येतं मला. लहान टाकीत वेगळं पाणी भरलं आणि निळ्या माशाला तिथे सोडलं. लहान टाकीत वाळू नाही, दगड नाही, लपायला एक पाइपाचा तुकडा. तो तीन दिवस त्या पाइपाला अंग घासत कोपऱ्यात उभा राहिला. मोठी टाकी समोरच. तिथे दिवे, दगड, जोडी. तो त्या बाजूच्या काचेला तोंड लावून राहायचा.

चौथ्या दिवशी मी त्याला मोठ्या टाकीत सोडला.

मला त्याची दया आली असं मी सांगत आले. सुमनवयनीला सांगितलं, दुकानदाराला सांगितलं. ते खोटं नाही. पण दोन ठिकाणचं पाणी रोज बदलायचा मला कंटाळा आला होता, हेही खोटं नाही. दोन्हींतलं किती कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहिले सात-आठ दिवस काही झालं नाही. मला वाटलं, कागद उगाच लिहिलाय. मग एका सकाळी नराच्या शेपटीवर पांढरा कण दिसला. मिठाचा दाणा चिकटावा तसा. दुसऱ्या दिवशी पाच होते. तिसऱ्या दिवशी जोडीच्या अंगावर कोणीतरी मीठ भुरभुरावं तसं झालं आणि ती दोघं दगडाला अंग घासू लागली. निळ्याच्या अंगावर पाहिलं तर तिथेही होते, पण थोडे. त्याला त्याचं काही नव्हतं. तो खात होता.

महेशला कळवायचं म्हणून मी काचेजवळ तोंड नेऊन ते कण मोजत होते. मागे खिडकी, त्यामुळे काचेत माझा चेहरा दिसत होता आणि चेहऱ्यातून मासा जात होता. माझ्या चेहऱ्यावर देवीचे वण आहेत. गालांवर, कपाळावर, एक नाकाच्या शेंड्यावर. जुन्या लोकांना विचारायला नको, आताच्या पोरांना वाटतं मला काहीतरी भाजलं असावं.

मी सात वर्षांची होते. आईला दिवस भरत आले होते म्हणून मला पाळीहून मुळगावला मामाकडे पाठवलं. गाडीतच अंग तापलं होतं. आजीनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "हिला गोठ्यालागच्या खोलीत निजव." मामी पदराला हात पुसत बाहेर आली. ती म्हणाली, "पावणी पोर. आल्या आल्या वेगळी कशी घालूं?" तिनं मला शेवंतीच्या चटईवर निजवलं. शेवंती तिची मुलगी, माझ्याहून वर्षानं लहान. एक वाकळ दोघींवर. शेवंतीनं मला तिची लाकडी बाहुली दिली आणि सकाळपर्यंतच ठेव म्हणाली.

मला तिसऱ्या दिवशी फोड आले. घरात फोडणी बंद झाली, दारावर कडुलिंब लावला, मोठ्यानं कोणी बोलेना. देवी घरी आली म्हणायचे, म्हणजे तीही पाहुणीच. मामी आम्हा दोघींना तांब्याच्या कळशीतलं पाणी पाजायची. नवी कळशी होती, शेवंतीच्या लग्नासाठी आतापासूनच घेऊन ठेवलेली. तांब्यातलं पाणी विष मारतं, असं मामीचं म्हणणं. मी उठून बसले तेव्हा शेवंती आडवी झाली होती. तिच्या फोडांना तोंडं फुटली नाहीत, ते आतच राहिले. ती गेली. मी जगले. बाहुली माझ्याकडेच राहिली, कारण मी आजारी होते तोवर तिनं ती मागितली नाही, आणि मग मागायला ती शुद्धीवर नव्हती.

मामीनं मला कधी बोल लावला नाही. मी त्या घरात आणखी वर्षभर होते. पानावर वाढताना ती आधी मला वाढायची. माझ्या केसांना तेल लावायची, वेणी घालायची, आणि वेणी घालताना तिचे हात मध्येच थांबायचे. मी मागे वळून बघत नसे. माझ्या लग्नात तिनं ती कळशी मला दिली. म्हणाली, "घेऊन जा. घासत जा." इतकंच.

तर महेशच्या आवाजात "तांबें घाल" हे शब्द आले तेव्हा मी कशाला दुसऱ्या निरोपाची वाट बघू? "आई, ताका तांब्याबगर वखद ना," इतकं स्पष्ट त्यानं सांगितलं होतं. तांब्याशिवाय औषध नाही. हे मला सात वर्षांची असल्यापासून माहीत होतं. मी कळशी बिमलांनी घासली, जितकी घासता येईल तितकी, आणि टाकीत उभी केली. घासलेलं तांबं खाऱ्या पाण्यात जास्त सुटतं. हे मला नंतर कळलं.

त्या सकाळी रेशमा कामावर गेली नाही. कळशी मी बाहेर काढली. न्हावी तोवर मेली होती. गोगलगायी सगळ्या मेल्या. बारक्या माशुकल्यांतली दोन दुपारपर्यंत गेली. रेशमानं बोटीवर निरोपावर निरोप पाठवले आणि महेशनं आता दुसरा मार्ग सांगितला, ज्यात तांबं नाही, औषध नाही, नुसतं पाणी आणि वेळ.

ही कीड माशाच्या अंगावर कायम राहत नाही. मिठाचा दाणा म्हणून आपल्याला दिसतो तो फोड. काही दिवसांनी किडा त्यातून सुटून तळाला पडतो, कवच करून बसतो, आणि मग त्या एकातून शेकड्यांनी उठतात आणि मासा शोधतात. म्हणून ते उठायच्या आधी मासाच दुसऱ्या पाण्यात हलवायचा. दर तिसऱ्या दिवशी. दोन टब. एकात मासे, दुसरा धुऊन कोरडा ठणठणीत. ओला राहिला तर केलेलं सगळं फुकट. असं पाच वेळा.

समुद्राचं साठवलेलं पाणी संपलं होतं. श्रावणातला समुद्र उपयोगाचा नाही. पाकिटातलं मीठ गोड्या पाण्यात कालवायचं आणि त्यात काचेची नळी सोडून ती किती बुडते ते बघायचं. मी आयुष्यभर आमटीचं मीठ चव न घेता घातलं, आणि इथे मला नळीवरची रेघ चष्मा लावून बघावी लागत होती. आणि टब वाळेना. श्रावणात काय वाळतं? आधी चुलीजवळ उपडा घातला, तर प्लास्टिक मऊ झालं. मग रेशमानं तिचं केस वाळवायचं यंत्र आणलं. मी ओसरीवर बसून टबाला गरम हवा देत होते तेव्हा सुमनवयनी आलीच.

"वयनी, टबाचे केंस वाळयतात?"

"तुझे वाळवायचे आहेत?"

"म्हजे खंय उरल्यात," ती म्हणाली आणि पायरीवर बसली. थोड्या वेळानं तिनं यंत्र माझ्या हातातून घेतलं आणि टब आतून फिरवत राहिली. माझा हात दुखत होता हे तिला दिसलं असणार. जाताना माशांच्या वासानं नाकाला पदर लावून म्हणाली, "श्रावणात हो परमळ. देवा." पण दर तिसऱ्या दिवशी ती येऊन बसली.

श्रावणात आमच्या घरात मासे शिजत नाहीत. सबंध महिना. आणि मी दर थोड्या दिवसांनी एक मासा घराबाहेर नेत होते. माडाच्या मुळाशी लहान खड्डा करायचे. हाताला वास राहायचा. त्या हातानं देवाला फुलं वाहायची म्हणून साबणानं दोनदा धुवायचे, तरी जायचा नाही.

तिसरं माशुकलं पहिल्या हलवणीत गेलं. जोडीतला नर दुसऱ्या हलवणीत गेला. सकाळी तो तळाला कुशीवर होता आणि मादी त्याच्या वर उभी होती, पंख हलवत, जणू त्याला वारा घालतेय. मी त्याला चिमटीत धरून काढला. अंगावर एकही कण उरला नव्हता. कल्ल्यांत असणार, रेशमा म्हणाली, तिथे दिसत नाही.

त्याच दिवशी महेशचा निरोप आला. "आई, जोडी बरी मगे?"

मी रेशमाला म्हटलं, जुना फोटो पाठव. तिनं माझ्याकडे बघितलं.

"असं नका करू हो आई."

"तो तिथे पाण्यात आहे. काय करणार ऐकून?"

"तुम्ही इथे ऐकून काय करता?"

तिनं फोटो पाठवला नाही. तिनं खरं लिहिलं. नर गेला, मादी आहे, निळा आहे. पण निळा चौथ्या दिवशीच मोठ्या टाकीत गेला होता, हे तिलाही माहीत होतं आणि ते तिनं लिहिलं नाही. ते माझ्यावर सोडलं.

मादी चार हलवण्या टिकली. ती वाचणार असं मला खरंच वाटू लागलं होतं. ती माझ्या बोटातून गोठवलेली बारीक कोळंबी घ्यायची. कण गेले होते. पाचव्या हलवणीच्या सकाळी मी जाळी टबात घातली तर ती स्वतःच जाळीत आली, आणि मला वाटलं ओळखते. ती येत नव्हती. पाणी तिला आणत होतं.

चवथीला चार-पाच दिवस राहिले होते. गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधायची होती, रानफळं, कवंडळं, सुपाऱ्यांचे घोस आणायचे होते. मी ते सगळं केलं. दरवर्षी होतं तसंच झालं. आलेली माणसं रिकाम्या टाकीकडे बघून विचारायची, मासे खंय? रेशमा सांगायची, वेगळे ठेवलेत.

टाकी अडीच महिने रिकामी ठेवायची होती. तळाला राहिलेली कीड उपाशी मरेपर्यंत. पंप चालू, दिवा चालू, पाणी फिरतंय, दगड तसेच, आणि आत कोणी नाही. म्हणजे आहेत, पण दिसत नाहीत, आणि कोणीतरी येण्याची वाट बघताहेत. मुळगावची ती खोली मामानं तशीच ठेवली होती, शेणानं सारवून, दार लोटून. मला त्या दारावरून पाण्याला जावं लागायचं. मी सात वर्षांची होते तेव्हा धावत जायचे. या घरात धावता येत नव्हतं. दिवसातून दहा वेळा त्या उजेडावरून स्वयंपाकघरात जायचे आणि दगडाखाली काही नारिंगी हललं असं मला वाटायचं. थांबून बघायचे. काही नसायचं. पुढच्या खेपेला पुन्हा थांबायचे.

निळा मासा मागच्या खोलीत टबात होता. त्याला समुद्रात सोडून यावं असं माझ्या मनात आलं होतं. एकदा बादली घेऊन उभीही राहिले. गढूळ पातळ समुद्रात तो तासभर टिकला नसता, हे मला माहीत होतं. म्हणूनच बादली उचलली होती. मग ती खाली ठेवली आणि त्याला खायला घातलं. तो खायचा. घातलं की लगेच यायचा. सकाळी चहाच्या आधी मी त्याला घालत असे, रेशमाचा डबा भरायच्या आधी, देवाच्या आधी. एके दिवशी हे माझ्या ध्यानात आलं आणि मी खाण्याची डबी हातात घेऊन तशीच उभी राहिले.

दिवाळी झाल्यावर महेश आला. बॅग ओसरीवर ठेवून तो पहिल्यांदा मोठ्या टाकीसमोर गेला. बराच वेळ उभा राहिला. मी मागे जाऊन म्हटलं, "जोडी मी मारली."

"किडीन मारली, आई."

"तुझा कागद मी वाचला होता. चौथ्या दिवशी मीच त्याला आत घातला. कळशी तर नंतरची."

तो काचेवरचा डाग बोटानं पुसत राहिला.

"काय तरी बोल रे."

"कितें बोलूं?" तो म्हणाला. मग मागच्या खोलीत गेला, टबात वाकून बघितलं. "हो खाता मगे बरो?"

"खाता."

त्यानं टाकीचं पाणी तपासलं, नवं मीठ कालवलं, आणि दुसऱ्या दिवशी निळ्याला मोठ्या टाकीत सोडलं. एकट्याला. कपाटावरचा कागद त्यानं काढला नाही आणि नवा लिहिलाही नाही. त्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा त्यानं भाताचं भांडं उचललं आणि आधी मला वाढलं.

कळशी मी पुन्हा देवघरात ठेवली आहे. आतून डाग पडलेत, बिमलांनी जात नाहीत. मी घासते.

महेश आता पुन्हा बोटीवर आहे. टाकीत निळा मासा आहे, तळहाताएवढा झाला आहे. दुसरा मासा आम्ही आणला नाही. त्या श्रावणात टाकीत आधीपासून जे होते ते सगळे गेले. बाहेरून आला होता तो जगला.